अन्नाचे वावडे आणि आयुष्याचे पहिले वर्ष : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या निमित्ताने

लहान मुलांमध्ये अन्नाचे वावडे पूर्वीपेक्षा अधिक का आढळू लागले, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात पडावे काय, अशी शंका कोणी घेतल्यास ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु 'वाढ' ही कल्पनाच मुळी कालसापेक्ष आहे. काय वाढले, केव्हापासून वाढले, कोठे वाढले, आणि वाढले हे कोणत्या मापाने ठरविले, हे चारही प्रश्न इतिहासाचे होत. आणि त्यांची उत्तरे बरोबर लागल्याखेरीज वैद्यकातील कारणमीमांसाही अधांतरी राहते. शिवाय ज्या घटकांकडे आजचे शास्त्रज्ञ बोट दाखवितात ते सर्व, म्हणजे प्रतिजैविक औषधे, लहान कुटुंब, गाव सोडणे, गुरांचा सहवास तुटणे व तान्ह्या मुलाच्या आहाराच्या रीती बदलणे, हे पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात एका मनुष्याच्या आयुष्याएवढ्या काळात, डोळ्यांदेखत घडले आहेत. यास्तव हा परिसर या प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष सोयीचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आरंभ शब्दापासून करणे इष्ट. 'वावडे' हा मराठीतील रुळलेला शब्द आहे. एखाद्याला वांगे चालत नाही, एखाद्याला दूध बाधते, कोणाला अंडे सोसत नाही, कोळंबी खाल्ली की कोणाच्या 'अंगावर पित्त उठते', ही सारी भाषा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली आहे. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांची वर्णने येतात. अंगावर उठणाऱ्या गांध्यांशी त्यांचे साम्य उघड आहे. आयुर्वेदातील 'सात्म्य' ही कल्पना तर आणखी पुढे जाते. जे शरीरास मानवते ते सात्म्य. आणि त्यातही नित्य सेवनाने, सवयीने जे मानवू लागते त्यास 'ओकसात्म्य' असे नाव आहे. या शेवटच्या शब्दाकडे पुन्हा वळावे लागणार आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

या शब्दसंपत्तीवरून दोन उलटसुलट निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. एक असा की, वावडे पूर्वीही होते, नवे काहीच नाही. दुसरा, आजीआजोबांच्या तोंडी नेहमी येणारा, तो असा की 'आमच्या वेळी असले काही नव्हते'. दोन्ही निष्कर्ष सारखेच घाईचे आहेत. 'बाधणे' या एकाच क्रियापदात दुधातील साखर न पचणे, शिळ्या अन्नातून झालेली विषबाधा, आणि ज्याला आज ॲलर्जी म्हणतात ती शरीराच्या संरक्षक यंत्रणेची चुकीची प्रतिक्रिया, अशा तीन सर्वस्वी भिन्न गोष्टी एकत्र नांदत होत्या. आणि ज्या काळी तान्ही मुले हगवणीने व तापाने दगावत, त्या काळी एखादे मूल अंड्याने दगावले काय, हे वेगळे ओळखण्याचे साधन कोणाजवळच नव्हते. १९७१ साली भारतात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १२९ मुले वर्षाच्या आत मृत्यू पावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. एवढ्या मोठ्या मृत्युसंख्येच्या छायेत वावड्यासारखी दुर्मीळ गोष्ट दिसावी कशी?

मोजण्याच्या साधनांचा इतिहासही फार जुना नाही. समुद्री प्राण्यांच्या विषावर प्रयोग करीत असता पोर्तिए व रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांना १९०२ मध्ये असे दिसले की, पहिल्या मात्रेने बचावलेला कुत्रा पुढे अगदी अल्प मात्रेनेही तडकाफडकी मरतो. रिशे यांना याबद्दल १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला. म्हणजे या संज्ञेचा जन्मच बालवैद्यकात झाला. मराठी वैद्यकीय लेखनात तिच्यासाठी 'अधिहर्षता' असा शब्द योजिलेला आढळतो, पण तो ग्रंथांतच राहिला. पुढे १९२१ मध्ये प्राउस्निट्झ यांनी आपले सहकारी क्यूस्टनर यांच्या रक्तातील रस स्वतःच्या त्वचेखाली टोचून घेतला. क्यूस्टनर यांना मासे सोसत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच प्राउस्निट्झ यांच्या अंगावर गांधी उठली. वावडे हे मनाचे खेळ नसून रक्तातून नेता येणारी वस्तू आहे, हे यावरून सिद्ध झाले. पण ती वस्तू कोणती, हे कळावयास आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका दाम्पत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेन्निख यांनी स्वतंत्रपणे तिचा शोध लावला, आणि १९६८ मध्ये तिला 'आय-जी-ई' हे नाव मिळाले. तात्पर्य, त्यापूर्वीच्या कोणत्याही गणनेशी आजच्या आकड्यांची सरळ तुलना करताच येत नाही. पिंपरीचे पहिले कारखाने उभे राहिले तेव्हा असे मोजमाप जगात कोठेच शक्य नव्हते.

मग वाढ खरी कशावरून? ज्या देशांत एकाच पद्धतीने पुन्हापुन्हा मोजणी झाली, तेथील पुराव्यावरून. अमेरिकेत पालकांच्या सांगण्यानुसार अन्नाचे वावडे असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण १९९७-९९ मध्ये शेकडा ३.४ होते, ते २००९-११ मध्ये ५.१ झाले. सांगोवांगीचा पुरावा म्हणून हे सोडून दिले तरी ब्रिटनमधील रुग्णालयांची दप्तरे उरतात. अन्नामुळे ओढवलेल्या तीव्र प्रतिक्रियेसाठी दाखल झालेल्यांचे प्रमाण १९९८ ते २०१८ या वीस वर्षांत दर लाख लोकसंख्येस १.२३ वरून ४.०४ पर्यंत चढले, आणि पंधरा वर्षांखालील मुलांत ही चढण सर्वांत अधिक होती. याच काळात अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण मात्र घटले. मेलबर्न शहरात वर्षाच्या मुलांना प्रत्यक्ष अन्न देऊन तपासले असता दहांतील एकाहून अधिक मुलांत वावडे सिद्ध झाले. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढी वाढ दोन-तीन दशकांत आनुवंशिक कारणाने होऊ शकत नाही. कारण भोवतालात व राहणीत शोधले पाहिजे.

भारताचे चित्र यापुढे फार निराळे आहे. कर्नाटकात झालेल्या युरोप्रिव्हॉल पाहणीत प्रौढांपैकी शेकडा २६.५ जणांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आय-जी-ई सापडले; परंतु ज्यांना खरोखरी वावडे असावे असे अवघे १.२ निघाले. शाळकरी मुलांत तर हे प्रमाण केवळ ०.१४ होते, आणि त्याच पाहणीतील हाँगकाँगच्या मुलांत ते १.५० होते. पुणे व अकोला ही शहरे दमा, परागज्वर व इसब यांच्या १९९० नंतरच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत समाविष्ट होती, परंतु तिचा रोख अन्नावर नव्हता. आपण ज्या वाढीविषयी बोलतो आहोत ती आपल्याकडे शिखराला पोहोचलेली नसून पायथ्याशी आहे, असे या आकड्यांवरून म्हणावयास हरकत नाही. ज्याला अजून काही टाळता येण्याजोगे आहे, त्याने दुसऱ्याच्या इतिहासापासून काय घ्यावे, असा हा प्रश्न आहे.

आता परिसराकडे वळू. फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने केंद्र सरकारने तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापिली, आणि १९५५ पासून पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. पाठोपाठ १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. आकुर्डीस बजाजचा व पिंपरीस टेल्कोचा कारखाना त्याच दशकातील. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ५ लाख १७ हजार होती. २००१ मध्ये ती दहा लाखांच्या आसपास गेली आणि २०११ मध्ये १७ लाखांच्या वर. चाकणची कथा याहून उशिराची व अधिक वेगाची आहे. १६६० साली शाएस्तेखानाच्या वेढ्याने इतिहासात आलेले हे गाव त्यानंतर कांदा-बटाट्याची बाजारपेठ म्हणून नांदत होते. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना तेथे आला, आणि २००९-१० या दोन वर्षांत मर्सिडीज, फोक्सवॅगन व महिंद्र यांचे मोठे कारखाने चालू झाले. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या गावांत ज्या घरांपुढे गोठे होते, तेथे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि त्यांत मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा येथून आलेली नवी जोडपी राहू लागली.

या बदलाचा आणि वावड्याचा संबंध जोडणारी सर्वांत प्रसिद्ध उपपत्ती म्हणजे तथाकथित स्वच्छतेची. डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ च्या मार्चमधील एका आठवड्यात जन्मलेल्या सतरा हजारांवर ब्रिटिश मुलांची माहिती तपासून १९८९ मध्ये दाखविले की, ज्या मुलास वडील भावंडे अधिक, त्यास परागज्वर कमी. भावंडांकडून लहानपणी लागणारे संसर्ग उपकारक असावेत, असे त्यांनी सुचविले. ही उपपत्ती लोकांत फार पसरली आणि पसरताना बिघडली. 'मुले मातीत खेळत नाहीत म्हणून आजारी पडतात' येथपासून 'आया फार स्वच्छता पाळतात' येथपर्यंत तिचे रूपांतर झाले. वस्तुतः ग्रॅहॅम रूक यांनी २००३ मध्ये तिला जी दुरुस्ती सुचविली तीच अधिक विचारार्ह आहे. ज्यांच्याशी मानवजातीचा सहवास दीर्घकाळाचा आहे असे निरुपद्रवी जीव, म्हणजे मातीतील, गोठ्यातील व आतड्यातील सूक्ष्मजंतू आणि काही कृमीही, यांच्या सान्निध्यात आपली संरक्षक यंत्रणा संयम शिकते. गोवर किंवा पटकी यांपासून नव्हे. आल्प्स भागातील शेतकऱ्यांच्या मुलांची २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी याच दिशेची आहे. जी मुले पहिल्याच वर्षी गोठ्यात वावरली व शेतावरील दूध प्याली, त्यांच्यात दमा व परागज्वर कमी होते. येथे 'पहिल्याच वर्षी' हे शब्द महत्त्वाचे. निघोज्याचा गोठा मोडला यावरून तेथील मुलाला शेंगदाणा सोसणार नाही असे अनुमान कोणी काढल्यास ते हास्यास्पद होईल. पण त्या मुलाच्या पहिल्या वर्षाचा सहवास बदलला, एवढे निश्चित. घरे लहान झाली तशी भावंडेही उणावली: महाराष्ट्रात दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १९९२-९३ मध्ये सुमारे २.९ होते, ते २०१९-२१ मध्ये १.७ झाले. तथापि नळाचे शुद्ध पाणी व शौचालय यांनी या पट्ट्यात जी मुले वाचविली त्यांचा हिशेब कोणत्याही वावड्याहून मोठा आहे, आणि स्वच्छतेवर दोष ठेवणाऱ्याने तो आधी मांडावा.

पेनिसिलीनविषयी थोडे अधिक लिहिणे प्राप्त आहे, कारण ते पिंपरीचेच अपत्य. ज्या औषधाने लक्षावधी बालके न्युमोनियापासून वाचली तेच औषध स्वतः औषधी वावड्यांचे सर्वांत परिचित कारण आहे, हा योग विलक्षण खरा. पण आपला प्रश्न तो नव्हे. तान्हेपणी दिलेल्या प्रतिजैविकांनी आतड्यातील सूक्ष्मजंतूंची वस्ती विस्कळीत होते आणि त्यामुळे अन्नाविषयीची सहनशीलता घडत नाही, असा तर्क आहे. शिकागोच्या कॅथरिन नॅग्लर यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवरील प्रयोगांत २०१४ मध्ये दाखविले की, क्लोस्ट्रिडिया गटाचे जंतू परत दिल्यास शेंगदाण्याविरुद्धची प्रतिक्रिया आवरते. मनुष्यांत मात्र एवढेच दिसते की, पहिल्या वर्षी प्रतिजैविके घेतलेल्या मुलांत पुढे वावडे किंचित अधिक आढळते. आणि त्यातही ज्या मुलाला आरंभापासूनच दम्याची वा इसबाची प्रवृत्ती आहे तेच वारंवार डॉक्टरकडे जाते, हा पेच उरतोच. शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतीबाबतही हेच. देशात अशा प्रसूती २००५-०६ मध्ये शेकडा ८.५ होत्या, त्या २०१९-२१ मध्ये २१.५ झाल्या, पण त्यांचा अन्नाच्या वावड्याशी संबंध दुबळाच ठरला आहे. सूर्यप्रकाश व ड जीवनसत्त्वाच्या उपपत्तीवर येथे थांबण्याचे कारण नाही.

खरा प्रकाश पडला तो शेंगदाण्यावरून. हा पदार्थ महाराष्ट्रीय स्वयंपाकात इतका मुरलेला आहे की तो दक्षिण अमेरिकेतून आला हेही आपण विसरलो आहोत. भाजी, आमटी, कोशिंबीर, उपासाची खिचडी, गुळाबरोबरचा लाडू आणि याच रस्त्यावरील लोणावळ्याची चिक्की, यांपैकी काहीच त्यावाचून होत नाही. पाश्चात्त्य देशांत याच शेंगदाण्याचे भय असे वाढले की, ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये व अमेरिकेत २००० मध्ये, ज्यांच्या घरी ॲलर्जीची प्रवृत्ती आहे अशा मुलांना तो तीन वर्षांपर्यंत देऊ नये, असा अधिकृत सल्ला देण्यात आला. भय घटले नाही. वावडे वाढतच गेले. गिडीअन लॅक व त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये एकाच वंशाच्या दोन समाजांची तुलना केली. लंडनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याचे वावडे शेकडा १.८५, आणि इस्रायलमधील ज्यू मुलांत अवघे ०.१७. इस्रायलमध्ये मुले सात-आठ महिन्यांची असतानाच शेंगदाण्याचा खाऊ खातात. लंडनमध्ये तो टाळला जाई. मग प्रत्यक्ष प्रयोग झाला. इसब किंवा अंड्याचे वावडे असलेली चार ते अकरा महिन्यांची ६४० मुले घेऊन काहींना शेंगदाणा नियमित दिला, काहींना कटाक्षाने वर्ज्य केला. पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्यांत शेकडा १७.२ मुलांना वावडे निघाले, खाणाऱ्यांत ३.२. हा निष्कर्ष २०१५ चा. सावधगिरीचा सल्लाच रोगाचे एक कारण ठरला, अशी उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात थोडी आहेत. अमेरिकेचा जुना सल्ला २००८ मध्येच मागे घेण्यात आला होता. २०१७ च्या नव्या सूचनांनंतर तेथे शेंगदाण्याच्या वावड्याची नवी निदाने लक्षणीय उतरल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियात मात्र ही घट ३.१ वरून २.६ एवढीच, म्हणजे अल्प होती. तेव्हा लवकर खाऊ घालणे ही सर्व दुखण्यांवरची मात्रा नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

मात्र या प्रयोगाने ओकसात्म्याची कल्पना, तिच्या मूळ अर्थाहून निराळ्या वाटेने का होईना, पुन्हा चर्चेत आणली. त्यामागची उपपत्ती लॅक यांनी मांडली ती अशी: अन्न तोंडावाटे प्रथम आले तर शरीर त्याला आपले मानते, तेच अन्न खरजलेल्या, चिरलेल्या त्वचेवाटे प्रथम आले तर शरीर त्याला शत्रू समजते. २००३ मध्ये त्यांना असे आढळले होते की, ज्या तान्ह्या मुलांच्या इसबावर शेंगदाणा तेलाची मलमे चोळली गेली त्यांच्यात पुढे शेंगदाण्याचे वावडे अधिक. २००६ मध्ये फिलॅग्रिन या त्वचेतील प्रथिनाच्या दोषाचा इसबाशी संबंध सिद्ध झाल्यावर या मताला बळकटी आली. याच्या उलट दिशेचे एक जुने मत असे होते की, चीनमध्ये दाणे उकडून वा तळून खातात म्हणून तेथे वावडे कमी, आणि पाश्चात्त्य देशांत भाजून खातात म्हणून अधिक. हे मत आपल्यापुरते टिकत नाही. आपण दाणे भाजूनच कूट करतो, आणि तरीही शेंगदाण्याचे वावडे आपल्याकडे कमीच आहे.

आता आपल्या जुन्या रीतींकडे या दृष्टीने पाहिले असता काही मनोरंजक गोष्टी दिसतात. बाळगुटीत वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ यांबरोबर बदाम व खारीक यांचे वेढे सहाणेवर उगाळून मुलाला चाटवीत. म्हणजे बदामाचे कण अगदी अल्प मात्रेने, नित्य, तोंडावाटे, दात येण्यापूर्वीच पोटात जात. सहाव्या-सातव्या महिन्यात उष्टावण होई, आणि मग मूल घरच्यांच्या ताटातील भात-आमटीवर, कुटाच्या भाजीवर वाढे. हे पाहून 'आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असा जयघोष करण्याचे कारण नाही. गुटी उगाळण्याच्या पाण्यातून व न धुतलेल्या सहाणेतून जंतुसंसर्ग होतो, आणि पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हा आजचा सल्ला योग्यच आहे. शिवाय त्याच आजी दुसऱ्या हाताने डाळीचे पीठ व साय मुलाच्या अंगाला चोळीत. हरभऱ्याच्या डाळीचे वावडे भारतात महत्त्वाचे आहे, हे मुंबईच्या पाटील, निफाडकर व बापट यांनी २००१ मध्ये दाखविले. पाश्चात्त्य देशांच्या नेहमीच्या यादीत हरभरा नसतो. रोजच्या त्या चोळण्याचा व या वावड्याचा काही संबंध असावा काय? लॅक यांच्या उपपत्तीवरून तसे अनुमान निघते. ते अनुमानच आहे, सिद्धांत नव्हे. परंतु तपासून पाहण्यास अत्यंत सोपे आहे.

येथे या पट्ट्यापुरता जो धोका आहे तो स्पष्ट होतो. चाकणच्या किंवा चिखलीच्या एका खोलीच्या घरात दाणे तव्यावर भाजले जातात, सालपटे पाखडली जातात, मिक्सरमध्ये कूट होते. परदेशांतील घरांच्या मोजणीवरून असे दिसते की, ज्या घरात शेंगदाणा खाल्ला जातो तेथील धुळीत व अंथरुणातही त्याची प्रथिने सापडतात. आपल्या घरात ती कमी असण्याचे कारण नाही. तेव्हा मुलाच्या त्वचेला शेंगदाणा भेटणार हे ठरलेलेच. जोवर तो तोंडालाही भेटत होता तोवर तोल राहिला. आता आजी गावी राहिली, आई एकटी पडली. आणि तिच्या हाती पाश्चात्त्य देशांनी कधीच टाकून दिलेला जुना सल्ला येऊन पडतो की, दाणे, अंडे, मासे वर्षभर नकोत, दोन वर्षे नकोत. घरभर कूट आणि मुलाच्या तोंडात फक्त डब्यातील तयार पेज, ही मांडणी लंडनच्या १९९८ नंतरच्या घरांहूनही वाईट म्हणावी लागेल. प्रस्तुत लेखकाच्या मते वाढीची जी शक्यता आहे ती येथे आहे. स्वच्छतेत किंवा कारखान्याच्या धुरात ती शोधणाऱ्यांनी या घराकडे पुरेसे पाहिलेले नाही. (धुराचा व दम्याचा संबंध वेगळा, त्याविषयी वाद नाही.)

स्थलांतराचा पुरावा या मताला अनुकूल आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात असे आढळले की, आशियात जन्मून पुढे तेथे गेलेल्या मुलांत कवचफळांचे व शेंगदाण्याचे वावडे कमी, पण आशियाई आईबापांच्या पोटी तेथेच जन्मलेल्या मुलांत ते अधिक. रक्त तेच, जेवणही बहुधा तेच. भेद आरंभीच्या वर्षांच्या मुक्कामाचा. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी या गोष्टीची दखल घेण्याजोगी आहे. पण त्यासाठी समुद्र ओलांडण्याचीही गरज नाही. लातूर किंवा बुलढाणा जिल्ह्यात आजोळी जन्मून तेथेच वर्ष काढलेले थोरले मूल, आणि भोसरीच्या प्रसूतिगृहात जन्मून तेथेच वाढलेले धाकटे, अशी भावंडांची जोडी या पट्ट्यात घरोघर मिळेल. निसर्गाने मांडून ठेवलेला याहून चांगला प्रयोग कोणता?

अशी पाहणी करताना एक पथ्य कडकपणे पाळले पाहिजे. रक्तात आय-जी-ई सापडणे म्हणजे वावडे नव्हे, कर्नाटकातील २६.५ व १.२ या दोन आकड्यांमधील दरी हेच सांगते. झुरळ व धुळीतील सूक्ष्म किडे यांच्या अंगची काही प्रथिने कोळंबीतील प्रथिनांसारखी असतात, म्हणून ज्याने आयुष्यात कोळंबी चाखली नाही त्याचीही चाचणी कोळंबीस होकार देऊ शकते. असे असता पन्नास-शंभर अन्नांची एकगठ्ठा रक्ततपासणी करून पालकांच्या हाती वर्ज्य पदार्थांची यादी देणे हा प्रकार गैर आहे. त्याहून वाईट प्रकार 'आय-जी-जी' चाचणीचा. ती केवळ एवढेच सांगते की मनुष्याने तो पदार्थ खाल्ला आहे, आणि युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच तिचा निदानासाठी उपयोग करू नये असे म्हटले आहे. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शेकडा ३५.२ मुले २०१९-२१ मध्ये वयाच्या मानाने खुजी होती. अशा प्रांतात एखाद्या कागदावरून मुलाचे दूध, अंडे व डाळ बंद करणे म्हणजे नसलेल्या रोगाच्या भयाने असलेला रोग वाढविणे होय. ज्या थोड्या मुलांना खरे वावडे आहे त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या बाबतीत कणभर अन्नही घातक ठरू शकते, तीव्र प्रतिक्रियेवर ॲड्रिनलीनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय आहे, आणि पुडीबंद पदार्थांवर शेंगदाणा, दूध, अंडे, सोयाबीन, गहू, मासे इत्यादींची नोंद सक्तीची करणारे २०२० चे नियम त्यांच्यासाठी मोलाचे आहेत. त्या नियमांत हरभरा मात्र नाही. तीव्र इसब असलेल्या मुलाला शेंगदाणा प्रथम देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि कोणत्याही तान्ह्या मुलाला अख्खा दाणा देऊ नये, तो घशात अडकतो, हेही येथे नमूद करतो.

अभ्यासाची साधने परिसरातच आहेत. वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे ग्रामीण आरोग्यकार्य १९७७ पासून चालू आहे, आणि २००२ पासून तेथे बावीस गावांतील कुटुंबांची जन्ममृत्यूसह नियमित नोंद ठेवली जाते. ही गावे चाकणच्या पूर्वेस, त्याच औद्योगिक लाटेच्या वाटेवर आहेत. अंगणवाड्यांच्या नोंदवह्यांतून सहा महिन्यांनंतरच्या आहाराचा माग लागू शकतो. परंतु सर्वांत तातडीचे साधन लिखित नाही. ज्या स्त्रियांनी १९६० ते १९८० च्या दरम्यान पिंपरी कॉलनीत, भोसरीत किंवा निघोज्यात मुले वाढविली, त्या आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. गुटीत कोणती जिन्नस किती वेढे, अंगाला कोणते पीठ, पहिले कूट कोणत्या महिन्यात, गाय कोठे बांधलेली, हे त्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत, तारीखवार उतरवून घेतले पाहिजे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी गावनिहाय वाटणी करून हे काम हाती घेतल्यास वर्षभरात पुरे होण्यासारखे आहे. वैद्यक शाखेतील सहकाऱ्यांनी त्याच घरांतील नातवंडांची तपासणी अन्न प्रत्यक्ष देऊन, रुग्णालयाच्या देखरेखीखाली करावी.